मिश्री किती वेळा लावता?

बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा ओपीडीला मीच होते. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. पुण्याच्या लॅबची पाकिटं दुपारच्या एसटीनं बारामतीला यायची आणि ती फोडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं काम सिस्टर म्हणून माझं होतं. त्या दिवशी तीन पाकिटं होती. दुसऱ्यावर माझ्या आईचं नाव होतं.

'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.' तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई बाहेर बाकावर बसली होती. वरकुट्याहून सकाळच्या गाडीनं आली होती आणि डॉक्टरांसाठी पिशवीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन आली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "मावशींचे जुने केसपेपर काढा."

या दुखण्याआधी आई दोन वर्षांत तीनदा आमच्याकडे येऊन गेली होती. दोनदा ब्लडप्रेशर बघायला, एकदा तापात. मी तिन्ही कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. नाव, वय, वजन, प्रेशर, आणि त्याखाली 'हॅबिट्स' असा एक रकाना असे. म्हणजे व्यसनं. त्या रकान्यात तिन्ही वेळा 'नील', म्हणजे काही नाही, असं लिहिलं होतं. अक्षर माझंच होतं.

"सिस्टर, मावशी मिश्री लावतात का?"

"लावते."

"किती वर्षं?"

"मला कळायला लागल्यापासून."

ते मला बोलतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "सही माझी आहे," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही."

ही ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट आहे. इतक्या वर्षांनी ती लिहायला बसले, कारण असा कागद आजही कुठे ना कुठे कुणीतरी भरत असेल, आणि बाकावर कुणाची तरी आई बसलेली असेल.

आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. पुरुष पेशंट आला की विचारायचं, तंबाखू, बिडी, दारू? बाई आली की न विचारता 'नील'. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आधीची सिस्टर तसं करायची, तिचं बघून मी. दुपारपर्यंत साठ-सत्तर पेशंट व्हायचे. बाईमाणसाला चहापलीकडे कसलं व्यसन असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आई मिश्री लावते हे मला माहीत नव्हतं असं तर नाहीच. तव्यावर तंबाखू जळायला लागली की आम्ही भावंडं खोकत घराबाहेर पळायचो. काळी झालेली तंबाखू ती कुटायची, लुगड्याच्या धडप्यातून गाळायची आणि डबीत भरायची. तरी केसपेपर भरताना ते माझ्या मनात आलं नाही. मी खोटं लिहिते आहे असंही वाटलं नाही. आमच्याकडे मिश्री म्हणजे दात घासणं.

तापात आली होती तेव्हा तिच्या जिभेखाली थर्मामीटर मी माझ्या हातानं ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं होतं. मी पारा बघितला आणि थर्मामीटर झटकून परत बाटलीत ठेवलं.

डॉक्टरांनी आईला आत बोलावलं. गालात वाईट गाठ आहे, पुण्याला जाऊन ऑपरेशन करावं लागेल, असं सरळ सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग पिशवी पुढे केली. "शेंगा घ्या आदी. वल्या हायेत, ठिवल्या तर बुरशी धरतील."

आजार अंगावर यायला सात-आठ महिने लागले होते. आधी तिला तिखट लागेना. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. माझी भावजय शोभा हिच्या ते ध्यानात आलं होतं. तिनं विचारलं तर आई म्हणाली, "तोंड आलंय, उष्णता झालीया." शोभानं तिला गुलकंद दिला. पुढे तोंड पुरतं उघडेना. याला 'ट्रिसमस' म्हणतात, म्हणजे जबडा आवळून धरल्यासारखा होतो. दोन बोटं आत जाईनात तेव्हा शोभाचा नवरा, माझा धाकटा भाऊ दत्ता, आईला घेऊन बारामतीला आला आणि डॉक्टरांनी तुकडा काढून पुण्याला पाठवला. डाव्या गालाच्या आत, जिथे ती मिश्रीचं बोट फिरवायची नेमकं तिथेच, रुपयाएवढी जखम होती आणि तिच्याभोवती पांढरा चट्टा होता.

पुण्याच्या हॉस्पिटलात नाव नोंदवायला आम्ही सकाळी आठला रांगेत बसलो. आमच्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. पदर तोंडाला लावून बसलेल्या. बोलायचं झालं तर हातानं बोलत होत्या. अकराच्या सुमाराला एका तरुण डॉक्टरबाईंनी आईला आत घेतलं. मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" मी सिस्टर आहे म्हणून सांगितलं, तरी त्यांनी मला दारातच थांबवलं.

दार उघडं होतं. मला ऐकू येत होतं. त्यांनी आईचं गाव विचारलं, कुणाबरोबर आलात, सकाळी काही खाल्लं का, ते विचारलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?"

आई लगेच म्हणाली, "चार येळा. उठल्याव, जेवल्याव, दुपारच्याला आन् निजताना. खुरपायला गेलं की आजून दोन येळा."

"कधीपासून?"

"थोरलीच्या येळंला दिवस गेलं तवा दाढ दुखत हुती. सासूनं दिली."

थोरली म्हणजे मी. आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस तिला दाखल करून घेतलं. रक्त, एक्स-रे, हृदयाचा आलेख. पुढे रेडिएशन द्यायचं असलं की खराब दात आधी काढतात, तसे तिचे पाच दात काढले. रेडिएशन म्हणजे किरणांचा उपचार. आपल्याकडे 'शेक देणं' म्हणतात. शेक दिल्यावर जबड्याच्या जखमा भरत नाहीत, म्हणून हे आधी.

तिसऱ्या दिवशी आई खाटेवर नव्हती. शोधत गेले तर वॉर्डामागे कपडे वाळत घालायच्या जागी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मिश्री भरलेली बामाची जुनी डबी मांडीवर होती आणि बोट तोंडात होतं. त्याच गालात. जखमेवर.

मी डबी हिसकावली. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांसमोर तिला नको ते बोलले. तुला मरायचंच आहे का, असंही बोलले. डबी कचऱ्यात उपडी केली.

आईनं बोट पदराला पुसलं. जिना चढताना म्हणाली, "आगं, येवढं एकच माझं हुतं."

दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं ठणकायला लागलं. एका जागी बसवेना. पोट साफ होईना. चहा दिला तर कप ढकलून द्यायची. हात सारखा कमरेकडे जायचा, जिथे डबी खोचलेली असायची. मी त्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "हा विथड्रॉवल आहे. सवयीचा पदार्थ बंद झाला की शरीर असं मागायला लागतं. तीस वर्षं रोज चार-सहा वेळा निकोटीन मिळालंय त्यांना. तुम्ही रागावून ते सुटणार नाही, सिस्टर."

"मग काय करू?"

"तलफ आली की दहा मिनिटं त्यांच्यापाशी बसा. काहीही बोला. तलफ ओसरते. पुन्हा येईल, पुन्हा बसा."

मग आम्ही बसायला लागलो. दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत आईनं मला तिचं सगळं सांगितलं. माझ्या आज्यापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. लग्नानंतरची पहिली चार वर्षं आई कळपामागे चालली. बायकांनी मागून सामानाचं घोडं घेऊन चालायचं, मुक्कामाला पोचून चूल मांडायची, पुरुषांची जेवणं झाल्यावर उरेल ते खायचं. "मिश्री लावली की भूक मरती," ती म्हणाली. "पोटात तू हुतीस. सासू म्हणली, लाव, दाढंलाबी बरं आन् पोटालाबी." दुष्काळाच्या साली खडी फोडायच्या कामावर मुकादम जेवायला सुट्टी द्यायचा. ज्यांच्या फडक्यात भाकरी नसायची त्या बायका बाभळीखाली बसून मिश्री लावायच्या. आई त्यांच्यातली होती. मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत, मावशीकडे राहून दोन वेळा जेवत होते.

ऑपरेशनला सात तास लागले. डावा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला. छातीवरचं मांस कातडीसकट वळवून त्याचा गाल केला. त्याला 'फ्लॅप' म्हणतात. मी भूल उतरायच्या वेळी आत गेले. नाकात नळी होती. पुढचे अठरा दिवस दूध, वरणाचं पाणी, अंडं फेटून, सगळं त्या नळीतून.

ज्यांच्या घरात हे येईल त्यांना एक सांगते. आरसा काढून ठेवू नका. आम्ही काढून ठेवला होता. आईनं स्टीलच्या ताटात तोंड बघितलं, आणि आम्ही लपवलंय एवढंच तिला कळलं.

टाके सुकल्यावर शेक सुरू झाला. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. मला एवढी रजा नव्हती. दत्ता उसाला पाणी द्यायची सोय लावून यायचा, मध्ये शोभा येऊन राहायची. शेकानं तोंडातली लाळ आटते, चव जाते. "समदं मातीवानी लागतंय," आई म्हणायची. ते शब्दही अर्धे बाहेर यायचे. आईला 'आत्या' म्हणणाऱ्या शोभाला मात्र तिचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

मिश्री सुटली. ती सुटल्याचा आनंद कुणाला झाला नाही.

आई घरी आल्यावर महिन्यातून दोनदा ड्रेसिंगला आमच्याकडे बारामतीला यायची. तोवर मी ओपीडीत बायकांना विचारायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं, आणि तोंडात टॉर्च मारून बघायलाही सांगितलं होतं. पण जमत नव्हतं. मी विचारायची, "बाई, काही व्यसन?" सगळ्या मान हलवायच्या. अंथुर्ण्याची एक बाई सासूबरोबर आली होती. तिची सासूच उठून उभी राहिली. "आमी काय दारूडं हाय व्हय? चांगल्या घरची मानसं हाय आमी." सुनेला घेऊन निघूनच गेली.

आई बाकावर बसून हे बघत होती. ड्रेसिंग करताना ती बोलायला लागली. मी पट्टी बाजूला ठेवली आणि तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"येसन म्हनलीस की तिला शिवी वाटली. सासूम्होरं कोन सांगंल? येकटीला घे." मग थांबून, लाळ पुसून, "लावती का म्हनू नगं. किती येळा लावता, आसं इचार. त्या बाईनं मला इचारलं तसं."

हे मी डॉक्टरांना सांगितलं. आठवड्यानं त्यांनी बाजारातून रबरी शिक्का करून आणला. 'मिश्री / तंबाखू / बिडी / दारू : किती वेळा?' पुरुष असो, बाई असो, प्रत्येक केसपेपरवर तो मारायचा, आणि मारला की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाईला पडद्याआड वजनकाट्यावर घ्यायचं, तिथे दुसरं कुणी नसतं, तिथे विचारायचं.

बायका सांगायला लागल्या. दोनदा. चारदा. काटेवाडीची एक म्हातारी म्हणाली, "मोजलं न्हाय बाय, डबी आठ दिस जाती." शाळेतल्या बाईही सांगायच्या आणि गोठ्यातलं काम करणाऱ्याही सांगायच्या. काहींच्या तोंडात पांढरे चट्टे सापडले. 'ल्युकोप्लाकिया.' हा कॅन्सर नव्हे, पण पुढे होऊ शकतो. मिश्री बंद केली तर पुष्कळदा चट्टा जातो. एकीचा गेलेला मी स्वतः बघितला. आणखी दोघींना वेळेत पुण्याला पाठवलं.

सगळं असं गोड झालं नाही. खुरपणीला जाणारी एक बाई म्हणाली, "सोडते सिस्टर. मग दुपारच्याला भुकंला काय लावू?" ती परत आली नाही.

आठ-नऊ महिन्यांनी आईच्या मानेत गाठ लागली. ड्रेसिंग करताना, माझ्याच बोटांना. माझा हात थांबला. आईनं माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कर, कर तुजं काम." पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नाही. दुखणं कमी ठेवू, तेवढंच हातात आहे. 'पॅलिएटिव्ह' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आजार बरा होणार नसेल तेव्हा माणसाचा त्रास हलका करायचा, असा त्याचा अर्थ.

मी महिनाभराची रजा काढून वरकुट्याला गेले. शेवटच्या दिवसांत आईला पाणीही कापसानं द्यावं लागायचं. एकदा दुपारी ती माझा हात धरून पडली होती. मी म्हणाले, "आई, त्या दिवशी पुण्यात मी तुला बोलले."

तिनं मान हलवली. बोलता येत नव्हतं. माझा हात घेऊन तिनं आपल्या केलेल्या गालावर ठेवला. छातीची कातडी होती ती, गालासारखी मऊ नव्हती. तिथे तिला स्पर्श कळत नाही हे मला माहीत होतं. तरी तिनं तो बराच वेळ तिथेच ठेवून घेतला.

चार दिवसांनी सकाळी ती गेली. दत्ता दूध घालून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी कामावर परतले. शिक्का मारत राहिले. त्या तरुण डॉक्टरबाईंचं नाव मी विचारून घेतलं नव्हतं, याची चुटपुट अजून लागते. आईला तीस वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोही आईला खाली मान घालावी लागणार नाही असा. त्यांचे उपकार मी विसरले नाही. आमच्या डॉक्टरांचेही नाही. स्वतःच्या सहीवर बोट ठेवणारा माणूस मला पुढे फारसा भेटला नाही.

आईच्या वर्षश्राद्धानंतर दोन महिन्यांनी शोभा तपासायला आली. पाचवा महिना होता. दत्तानं तिला सोडलं आणि तो खत बघायला गेला. मी तिला पडद्याआड घेतलं. वजन मागच्यापेक्षा दोन किलोंनी कमी भरलं.

शिक्का मारला. हिला कसं विचारायचं? आईचं नाक-तोंड हिनं पुसलं होतं. नळीतून दूध हिनं घातलं होतं. मला वाटलं, हिला विचारणं म्हणजे अपमान. न विचारताच 'नील' लिहायला पेन कागदावर टेकलंसुद्धा होतं.

"शोभा," मी म्हणाले, "मिश्री किती वेळा लावतेस?"

ती काट्यावरून उतरली. चपला शोधत राहिली, चपला समोर होत्या.

"तीन येळा," ती म्हणाली.

मी शिक्क्यापुढे 'तीन' लिहिलं.

"वन्सं, पहिल्या खेपंला मला मळमळायचं तवा आत्यांनीच दिली हुती. मग त्याच म्हणाल्या, सोड. पुण्यास्नं आल्याव माझा हात धरून म्हणाल्या. मी व्हय म्हणलं." ती रडायला लागली. "त्यांचं समदं बघून बी सुटली न्हाय. त्या आत पडल्याल्या आसायच्या आन् मी गोठ्यात जाऊन लावायची. त्यांना वास यायचा. कधी बोलल्या न्हाईत."

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. मी शोभाला स्टुलावर बसवलं. तोंड उघडायला लावलं, टॉर्च लावली आणि डावीकडून उजवीकडे, हिरड्या, गाल, जिभेखाली, सावकाश सगळं बघितलं. हिरड्या काळ्या होत्या. चट्टा नव्हता. मी पुन्हा एकदा बघितलं.

"कुठं काही नाही," मी म्हणाले. "एकदम सोडायचं मनात आणू नकोस. सकाळची आधी सोड. तलफ आली की पोराला घेऊन बस, त्याच्याशी बोल. पुढच्या गुरुवारी ये."

"आन् न्हाय जमलं तर?"

"तरी ये."

दत्ताला मी काही सांगितलं नाही. पुढचा गुरुवार आला. अकरा वाजले, बारा वाजले. बाकावर गर्दी होती. मला वाटलं, ही येत नाही. एकच्या सुमाराला ती दारात दिसली, एकटीच, एसटीनं आलेली, पदरानं घाम पुसत. रांगेत शेवटी बसली. तिचा नंबर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. मी पडदा ओढला. मी काही विचारायच्या आतच ती काट्यावर चढली आणि म्हणाली, "दोन."